बंदाच्या जागी उमललेले फूल

बाराबंदी अंगात घालणारी पिढी आपल्याकडे आता भिंतीवरच्या तसबिरींतच उरली आहे. तथापि ज्यांनी घरातील तान्ह्या बाळाला झबले घालून त्याचे बंद बांधले आहेत, त्यांना बंद म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. गुंडी लावली की लागते. लावणाऱ्याच्या हाताची खूण तिच्यावर राहत नाही. बंदाचे तसे नाही. तो कोणी बांधला, घाईत बांधला की सावकाशीने, हे गाठ पाहून घरातल्या माणसाला ओळखता येते.

कोरिया देशातील स्त्रियांच्या पारंपरिक वेषाचे सौंदर्य अशाच एका बंदावर तोललेले आहे, आणि गेल्या शंभर-एक वर्षांत त्या बंदाच्या जागी हळूहळू एक फूल येऊन बसले आहे. हे फूल रेशमी कापडाच्या तुकड्यांचे, हाताने घडविलेले आणि पाठीमागे टाचणी बसविलेले असते. त्याला आपण मराठीत परभाषेतून घेतलेला 'ब्रोच' हाच शब्द वापरतो. कोरियन लोकांनीही तोच शब्द थोडा वळवून आपल्या भाषेत रुळविला आहे. वस्तू पाहावी तर दोन-तीन बोटे रुंदीची. परंतु तिच्या निमित्ताने एका प्राचीन समाजाला 'आपला वेष म्हणजे नेमके काय?' हा प्रश्न पुनःपुन्हा स्वतःला विचारावा लागला. त्या चिमुकल्या फुलाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वेष आणि त्याचा बंद

कोरियन पारंपरिक वेषाला दक्षिण कोरियात 'हानबोक' म्हणतात. उत्तर कोरियात त्यालाच 'जोसन-ओत' असे नाव आहे. स्त्रियांच्या वेषाचे मुख्य भाग दोन. छातीपासून पायघोळ सुटलेला, भरपूर चुण्यांचा घेरदार घागरा म्हणजे 'छिमा', आणि त्यावरील आखूड, लांब बाह्यांचे अंगरख्यासारखे वस्त्र म्हणजे 'जॉगोरी'. जॉगोरीचा डावा पदर उजव्यावर येतो. गळ्याच्या पट्टीवर पांढरी शुभ्र, ताठ अशी एक अरुंद पट्टी टाचलेली असते. ती मळली की उसवून नवी लावावयाची, अशी सोय पूर्वीच्या गृहिणींनी करून ठेवलेली होती. साऱ्या वस्त्राला रोज पाणी दाखवण्यापेक्षा गळ्याची पट्टी बदलणे केव्हाही सोपे.

जॉगोरीला गुंडी नसते. तिच्या दोन्ही पदरांना एकेक लांब फीत शिवलेली असते. या फितींना 'गोरुम' म्हणतात. आपल्या भाषेत तिला बंद म्हणणेच योग्य. गोरुम बांधण्याची रीत ठरलेली आहे. दोन्ही फिती एकमेकींवरून घेऊन गाठ मारावयाची, एकीचा एकच फासा काढावयाचा आणि दोन्ही टोके घागऱ्यावर सरळ खाली सोडावयाची. आपण बुटाच्या नाडीला दोन फासे काढतो, येथे फासा एकच. तो छातीवर जरा उजवीकडे गाठ धरून आडवा पसरतो, आणि त्या एका आडव्या रेषेमुळे सबंध वेषाला तोल येतो. हा फासा चुरगळला वा उलटा पडला, तर उंची रेशीमही अंगावर विसविशीत दिसते. मुलीला गोरुम बांधावयास शिकविणे हे आईचे काम असे.

याच गोरुमवर किंवा घागऱ्याच्या कमरपट्टीवर 'नोरीगे' नावाचा दागिना लटकवीत. वरती अडकविण्यासाठी एक आकडा, त्याखाली जेड, पोवळे, अंबर किंवा चांदीचे मुख्य रत्न, रत्नाच्या वरखाली रेशमी दोरीच्या कलाकुसरीच्या गाठी आणि शेवटी लांब गोंडे, अशी त्याची बांधणी असते. एक पदराचे नोरीगे नित्याचे आणि तीन पदरांचे समारंभाचे. काही नोरीगेंमध्ये सुगंधी द्रव्याची डबी असे, तर काहींत सुया ठेवावयाची नळी. म्हणजे शोभेचा दागिना आणि घरकामाचे साधन एकाच गोंड्याला बांधलेले! या गाठी बांधण्याच्या कलेला 'मेदुप' म्हणतात. तिच्यातील प्रकारांची नावे ऐकण्यासारखी आहेत : आल्याच्या कुडीची गाठ, चतुराची गाठ, फुलपाखराची गाठ, शेवंतीची गाठ, आलुबुखाराच्या फुलाची गाठ. दक्षिण कोरियाच्या शासनाने १९६८ साली या कलेला राष्ट्राच्या संरक्षित कलांत स्थान दिले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, दोरीच्या गाठीतून फूल उमलविण्याची हौस त्या देशात ब्रोचच्या फार पूर्वीपासून होती. कापडाच्या फुलाला तर त्याहूनही मोठे घराणे लाभलेले आहे.

राजवाड्यातील न कोमेजणारी फुले

१३९२ ते १९१० या प्रदीर्घ काळात कोरियावर जोसन राजघराण्याची सत्ता होती. या घराण्याच्या दरबारात मेजवानी, वाढदिवस, राज्यारोहणाचा उत्सव अशा प्रसंगी रेशमाची फुले मांडण्याचा प्रघात होता. मोठमोठ्या चिनी मातीच्या घटांत रेशमी फुलांनी डवरलेल्या पीचच्या फांद्या उभ्या करीत, ताटांतील पदार्थांवर फुले खोवीत आणि निमंत्रितांच्या शिरोभूषणातही फुले माळीत. जिवंत फूल खुडून त्याला कोमेजत ठेवण्यापेक्षा न कोमेजणारे फूल घडवून राजाच्या दीर्घायुष्याचे चिंतन करावे, अशी त्यामागची भावना सांगितली जाते. या समारंभांच्या तपशीलवार नोंदींचे ग्रंथ, ज्यांना 'उइग्वे' म्हणतात, आजही उपलब्ध आहेत. कोणत्या जातीची किती फुले लागली आणि त्यांवर खर्च काय झाला, हेदेखील त्यांत लिहिलेले सापडते. २००७ साली युनेस्कोने या ग्रंथांचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला.

दरबारच उरला नाही तेव्हा ही कला साहजिकच मागे पडली. तिला पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय १९३५ साली जन्मलेल्या ह्वांग सु-रो या विदुषीकडे जाते. त्यांनी जुन्या नोंदी वाचून, एकेक फूल पुन्हा घडवून, १८२९ सालच्या राजमेजवानीतील फुलांची मांडणी नव्याने उभी केली. २०१३ साली दरबारी पुष्पकलेला संरक्षित कलेचा मान मिळाला आणि ह्वांगबाई तिच्या अधिकृत धारक ठरल्या.

या कलेची कृती मोठी निगुतीची आहे. प्रथम रेशीम रंगवावयाचे. तांबड्यासाठी करडईची फुले, पिवळ्यासाठी गंधराजाच्या जातीच्या झुडपाची फळे आणि निळ्यासाठी तिकडची नीळ. आपली नीळ आणि त्यांची नीळ या निरनिराळ्या वनस्पती आहेत. करडई मात्र तीच. दख्खनच्या रानात पिकणारी, जिचे तेल आपण स्वयंपाकात वापरतो आणि जिच्या फुलांपासून आपल्या पूर्वजांना प्रिय असलेला कुसुंबी रंग निघे, तीच करडई हजारो कोसांवरील राजवाड्यात पाकळ्यांना लाली देत होती, ही गोष्ट आम्हांला विशेष जवळची वाटली. रंगविलेल्या रेशमाच्या पाकळ्या कापल्यावर त्यांना मधमाश्यांच्या मेणाचा हात देतात आणि निखाऱ्यात तापविलेल्या लहानशा लोखंडी इस्त्रीने एकेका पाकळीला बाक आणतात. केसरांना मध लावून त्यांवर पाइन वृक्षाचे खरे पराग चिकटवितात. अशा फुलांवर खऱ्या मधमाश्या येऊन बसतात, असे सांगतात. मधाचा आणि परागांचा विचार करता त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

फूल आणि फुलपाखरू यांची एक कथा तर तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सातव्या शतकात सिल्ला राज्यावर सॉन्दोक नावाची राणी राज्य करीत होती (६३२ ते ६४७). चीनच्या तांग सम्राटाने तिच्याकडे तीन रंगांतील पिओनी फुलांचे चित्र आणि त्या फुलांचे बी धाडले. चित्र पाहताच राणी म्हणाली, "हे फूल सुंदर खरे, पण त्याला वास नसणार." बी पेरले, फुले आली, आणि खरोखरच ती निर्गंध निघाली. लोकांनी नवलाने कारण विचारले, तेव्हा चित्रात एकही फुलपाखरू काढलेले नव्हते, हे तिने दाखवून दिले. तेराव्या शतकातील 'सामगुक युसा' या ग्रंथात ही कथा आलेली आहे. आज हानबोकवरील ब्रोचसाठी पिओनीचे फूल अतिशय लोकप्रिय असून ते ऐश्वर्याचे चिन्ह मानले जाते. थंडीत फुलणारे आलुबुखाराच्या जातीचे फूल धैर्याचे, शेवंती निश्चयाची, कमळ निर्मळतेचे. आणि आपल्या जास्वंदीच्या कुळातील 'मुगुंग्ह्वा' हे तर राष्ट्रपुष्पच. ब्रोच निवडताना कोणासाठी कोणते फूल, याचा विचार त्यामुळे आपोआपच होतो.

ब्रोच आला कोठून?

दागिना म्हणून टाचणीचे फूल हे कोरियाचे मूळचे नव्हे. १८७६ च्या तहानंतर त्या देशाची दारे परकीयांना उघडली आणि वेषातही नवे वारे शिरले. पुरुषांच्या अंगावर 'मागोजा' नावाचे गुंड्यांचे जाकीट आले. राजाचे पिते दॅवॉन्गुन हे चीनमधील नजरकैदेतून १८८५ साली परतले तेव्हा तसे वस्त्र घालून आले व तेथून त्याची चाल पडली, असे सांगतात. त्याच्या अंबराच्या गुंड्या हा पुढे सधन घरांतील मिरविण्याचा विषय झाला.

स्त्रियांच्या वेषातील बदल शाळांच्या द्वारे आला. १८८६ साली मेरी स्क्रँटन या मिशनरी बाईंनी सेऊलमध्ये मुलींसाठी जी शाळा काढली, ती 'इव्हा' या नावाने प्रसिद्धीस आली. पुढे १९१० च्या दशकात तेथील शिक्षिकांनी छिमाला खांद्यावरून येणारी बंडीसारखी जोड शिवली. तोवर घागरा छातीवर करकचून आवळावा लागे आणि त्याने मुलींचा श्वास कोंडे. आता त्यांना धावता येऊ लागले, कवायत करता येऊ लागली. घागरा आखूड झाला, जॉगोरी लांब झाली. बाहेर पडणाऱ्या, शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या स्त्रीला लोंबता गोरुम अडचणीचा होता. तो कामात सुटे, रश्श्यात बुडे, यंत्रात अडके. तेव्हा गोरुमच्या जागी गुंडी किंवा ब्रोच वापरावा, असा विचार पुढे आला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरी स्त्रियांत तो बराच रुळला.

आपल्याकडेही साधारण याच सुमारास घडलेली एक गोष्ट येथे आठवते. पदर खांद्यावर ब्रोचने टाचण्याची पद्धत आपल्या सुशिक्षित घरांत तेव्हाच आली. आपल्या आज्या-पणज्यांची जुनी छायाचित्रे ज्यांनी जपली असतील, त्यांनी ती काढून खांद्याशी निरखून पाहावे. पुष्कळांना तेथे चांदीचे किंवा मोत्यांचे एखादे फूल सापडेल. बाई घराबाहेर पडली, की तिच्या वस्त्राला टाचणी लागली, असा हा दोन्हीकडचा सारखाच अनुभव आहे.

फूल कसे घडते?

आमच्या वाचक भगिनींना या भागात अधिक रस असणार हे आम्ही जाणून आहोत. म्हणून कृती थोडी विस्ताराने देतो.

सेऊलमधील ग्वांगजांग बाजार १९०५ सालचा. त्याच्या वरच्या मजल्यावर हानबोकच्या कापडांची दुकाने दाटीने आहेत. हानबोक बेतताना कापडाचे लहानमोठे तुकडे उरतातच. ते फेकून न देता त्यांचे जोडकाम करून 'जोगाकबो' नावाचे बासन शिवण्याची तेथील गृहिणींची जुनी परंपरा आहे. आपल्या गोधडीची ती पातळ, रेशमी बहीण म्हणावी. फुलाचा ब्रोच याच उरल्यासुरल्या तुकड्यांतून जन्मतो. त्यामुळे जॉगोरीच्या रंगाशी त्याचे नाते आपसूकच जुळते.

कापड उरेब धरून पाकळ्या कापाव्यात, म्हणजे कडा कमी उसवतात आणि पाकळीला गोलाई येते. पिओनीसाठी लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन मापांच्या पाकळ्या लागतात. कापड कृत्रिम धाग्याचे असल्यास पाकळीची कड मेणबत्तीच्या ज्योतीपासून जराशी दूर धरून फिरवितात. कड वितळून बंद होते आणि पाकळी आपोआप आत वळते. खऱ्या रेशमाला हा उपाय चालत नाही. रेशीम वितळत नाही. ते जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते. रेशीम खरे की खोटे हे पाहण्याची आपल्याकडील जुनी परीक्षाही हीच. म्हणून खऱ्या रेशमाला आधी खळ किंवा मेण द्यावे लागते, अथवा कड दुमडून शिवावी लागते.

पुढे प्रत्येक पाकळीच्या बुडाशी बारीक धावदोरा घालून तो ओढावयाचा, की चुण्या पडून पाकळी खोलगट होते. मधोमध मण्यांचा किंवा दोऱ्याच्या गाठींचा केसर बांधून त्याभोवती प्रथम लहान, मग मध्यम, मग मोठ्या पाकळ्या एकाआड एक टाचत जावे. वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीवर यावी, हे पथ्य पाळले नाही तर फूल चपटे दिसते. शेवटी एक-दोन हिरवी पाने आणि मागे जाड कापडाची गोल चकती. या चकतीवर टाचणी बसविताना ती मधोमध न बसविता किंचित वरच्या अंगाला बसवावी. नाहीतर फूल पुढे मान टाकते. ज्या वस्त्रावर ते लावावयाचे ते तलम असेल, तर आतून कापडाचा एक तुकडा धरून त्यातून टाचणी काढावी, म्हणजे रेशमाला भोक पडून ते ओढले जात नाही.

एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. बंद नसलेल्या जॉगोरीचे दोन्ही पदर खरे पाहता आतल्या टिचबटणाने धरलेले असतात. भार त्या दडलेल्या बटणावर असतो, आणि फूल वरती बसून त्याला झाकते. हीच गोष्ट पुढील वादाच्या मुळाशी आहे.

सुई-दोऱ्याच्या या संसाराला कोरियन साहित्यातही मानाचे स्थान आहे. सुई, दोरा, कात्री, गज, अंगुस्तान, इस्त्री आणि पाकळ्यांना बाक देणारी ती छोटी इस्त्री, या स्त्रियांच्या सात सख्या कल्पून त्यांचा आपसांतील मोठेपणाचा वाद रंगविणारा एक अनामिक लेखकाचा जुना निबंध प्रसिद्ध आहे. जोसन काळातील यू आडनावाच्या एका विधवा बाईने तर सत्तावीस वर्षे वापरलेली सुई मोडली म्हणून तिच्यासाठी शोकलेख लिहिला. ज्या समाजात मोडक्या सुईसाठीही कोणी अश्रू ढाळले, त्या समाजात हाताने शिवलेल्या फुलाची किंमत वेगळी करावी लागते.

हा वेष खरा की खोटा?

आता वादाकडे वळू. २०१३ पासून सेऊलमधील राजवाड्यांत हानबोक घालून येणाऱ्यांना प्रवेशमूल्य माफ आहे. त्यामुळे राजवाड्यांच्या आसपास भाड्याने वेष देणारी दुकाने फोफावली. तेथील घागऱ्यांत वर्तुळाकार तारा घातलेल्या असतात, कापडावर चकाकणारे छाप असतात, आणि पुष्कळदा गोरुमच नसतो. पाठीमागे मोठा फितीचा गुच्छ आणि पुढे यंत्रावर बनलेले फूल चिकटविलेले. 'हा कोणत्या देशाचा वेष?' अशी टीका होऊ लागली. २०२४ साली देशाच्या वारसा-संरक्षण विभागाच्या प्रमुखांनीही या भाड्याच्या वेषांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली.

टीकाकारांचे म्हणणे सोडून देण्याजोगे नाही. गोरुम गेला की तो बांधण्याची रीत जाते, ती शिकविणारी आई त्या क्षणापुरती दूर होते, आणि नोरीगे लटकविण्याची नित्याची जागाच उरत नाही. एका बंदाबरोबर किती गोष्टी सुटतात, हे वरवर पाहणाऱ्याला कळत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पाचव्या शतकाच्या आसपासच्या गोगुर्यो राज्यातील थडग्यांतून जी भित्तिचित्रे सापडली, त्यांतील स्त्रिया कमरेखाली येणारी लांब जॉगोरी घालतात आणि ती कमरपट्ट्याने बांधतात. त्यांच्या अंगावर गोरुम नाही. सोळाव्या शतकात गोरुम आहे, पण आखूड व अरुंद. पुढे जॉगोरी आखूडत गेली, एकोणिसाव्या शतकात ती छातीही जेमतेम झाकेल इतकी तोकडी झाली. आणि लांब, रुंद गोरुम ही त्यानंतरची शोभा आहे. ज्याला आपण सनातन म्हणतो, तेही केव्हातरी नवे होते. १७५६ साली यंग्जो राजाने श्रीमंत स्त्रियांच्या केसांचे अवजड टोप बंद करून त्यांऐवजी लहान टोपी घालावी असा हुकूम काढला, तेव्हाही रूढी मोडल्याची कुरकुर झालीच असेल. आज तीच टोपी नववधूच्या मस्तकावर परंपरा म्हणून शोभते. १९९३ साली ली यंग-ही (१९३६–२०१८) या प्रसिद्ध वेषरचनाकार बाईंनी पॅरिसमध्ये हानबोक मांडला, आणि पुढे तर जॉगोरीच काढून टाकून नुसता छिमा वाऱ्यावर सोडला. मायदेशी त्यांच्यावर टीका झाली, परदेशात त्या वस्त्राला 'वाऱ्याचे वस्त्र' म्हणून गौरविले गेले.

आमच्या मते येथे फुलाफुलांत फरक केला पाहिजे. यंत्राने हजारांनी पाडलेले, गोंदाने चिकटविलेले फूल बंदाची जागा अडविते, त्याचे काम करीत नाही. बंदात बांधणाऱ्याचा हात दिसे. जे फूल कोणीतरी कोणासाठी तरी रंग पाहून, पाकळी मोजून शिवले आहे, त्यातही हात दिसतो. तेवढ्यापुरते ते बंदाचे खरे वारस आहे. २०२२ साली दक्षिण कोरियाने 'हानबोक वापरण्याची रीत' ही राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित केली, तेव्हा तिचा कोणी एक अधिकृत धारक नेमला नाही. कारण ती साऱ्या लोकांची आहे. निर्णय शहाणपणाचा वाटतो. शिवणारे, घालणारे, बांधणारे आणि टाचणारे सारेच तिचे धारक.

आईच्या छातीवरचे फूल

कोरियात ८ मे हा दिवस १९५६ पासून मातृदिन म्हणून पाळत. १९७३ पासून तो मातापित्यांचा दिवस झाला. त्या दिवशी मुले आईवडिलांच्या छातीवर तांबडे कार्नेशनचे फूल टाचतात. लहान मुले कागदाचे फूल करतात, मोठी विकत आणतात, आणि ज्यांच्या हातात कला आहे ती कापडाचे शिवतात. लग्नातही वरमाय आणि वधूमाय या दोघी हानबोक घालून येतात. बहुधा वरमाय निळसर रंगाचा आणि वधूमाय गुलाबीसर रंगाचा. दोघी मिळून मेणबत्त्या प्रज्वलित करतात तेव्हा समारंभास प्रारंभ होतो. ताज्या फुलाचा रस रेशमावर उतरला तर डाग निघत नाही. अशा वेळी कापडाचे फूल सोयीचे पडते. सोयीपलीकडेही त्याचा एक उपयोग आहे. ते दुसऱ्या दिवशी कोमेजत नाही. मुलीच्या लग्नातले फूल आईच्या पेटीत राहते.

परमुलखातील जॉगोरी

हे सारे लिहिताना आमचे लक्ष राहून राहून मायदेशाबाहेरच्या कोरियनांकडे जात होते. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने सुमारे १,७२,००० कोरियन लोकांना अतिपूर्वेकडून उचलून मध्य आशियात नेऊन टाकले. चीनच्या ईशान्येस यानब्यान येथे त्यांची मोठी वस्ती आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात तेथील प्रतिनिधी म्हणून एक स्त्री हानबोक घालून आली, तेव्हा 'हा वेष कोणाचा?' यावरून दक्षिण कोरियात संताप उसळला. वास्तविक ती स्त्री तिच्या पणजीचाच वेष घालून आली होती. वेष एका सरकारचा असतो की तो घालणाऱ्या माणसांचा, हा प्रश्न सीमेपलीकडे राहणाऱ्यांनाच अधिक बोचतो.

जपानमधील कोरियन शाळांतील मुली तर छिमा-जॉगोरीच गणवेष म्हणून वापरीत. १९९४ साली उत्तर कोरियाच्या अणुप्रश्नावरून वातावरण तापले आणि आगगाडीत, स्थानकांवर या मुलींचे घागरे ब्लेडने फाडण्याचे, त्यांना धक्काबुक्की करण्याचे शंभराहून अधिक प्रकार घडले. ज्या मुलींचा जन्म जपानात झाला, ज्यांनी कोरिया पाहिलाही नव्हता, त्यांना आपल्या वस्त्राची किंमत अशी मोजावी लागली. पुढे १९९९ पासून त्यांना येताजाताना साधा गणवेष घालून शाळेत पोचल्यावर जॉगोरी घालण्याची मुभा मिळाली. शाळेच्या दाराआड रोज सकाळी वेष बदलणाऱ्या त्या मुलींचे चित्र मनातून हलत नाही.

आपल्यावर अशी वेळ आलेली नाही, हे आपले भाग्य. तरीही इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद वा बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराला या गोष्टीचा अर्थ चटकन उमगतो. आपल्या मुली हल्ली गुढीपाडव्याला शिवलेली नऊवारी घालतात. कासोटा आधीच शिवलेला, कमरेला नाडी, दोन मिनिटांत तयार. ते पाहून घरातील वडीलधाऱ्या बायका हसतात, क्वचित नाके मुरडतात. आम्हीही कधीकाळी मुरडले होते. या फुलाची हकीकत लिहिताना मात्र आमचे मत थोडे सैल झाले आहे. शिवलेली का होईना, तिने नऊवारी मागितली आहे. मागणारीला नाक मुरडून परत पाठविले, तर पुढच्या पाडव्याला ती मागणार नाही. तिला हवी तशी ती घालू द्यावी. आणि एखाद्या निवांत दुपारी आजीच्या ट्रंकेतील खरे लुगडे काढून, निऱ्या कशा धरावयाच्या, कासोटा कसा खोवावयाचा, हे तिच्या हाताला हात लावून एकदा दाखवावे. शिकणे न शिकणे तिच्या हाती; दाखविणे आपल्या हाती आहे.

त्या ट्रंकेत तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, पणजीच्या खांद्यावरचा जुना ब्रोच निघाला, तर तोही तिच्या पदराला लावावा. टाचणी तेवढी गंजलेली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.